शांतता कमिटींत रयत कोठें बसते?

गणपति किंवा ईद जवळ आली कीं तालुक्याच्या पोलीस ठाण्यांत शांतता कमिटीची बैठक भरते. खुर्च्या मांडल्या जातात, चहा येतो, साहेब चार शब्द बोलतात, पुढारी चाळीस शब्द बोलतात, आणि "आमचें गांव शांतताप्रिय आहे" असें एकमुखानें सांगून मंडळी उठते. पहिल्या रांगेंत कोण बसलेलें असतें? आडत दुकानाचे मालक, बांधकामाचे ठेकेदार, दोनतीन पक्षांचे तालुकाध्यक्ष, आणि ज्यांच्या मिरवणुकीमुळें दरसाल कटकट होते त्याच मंडळाचे अध्यक्ष! दंग्याच्या पहिल्या तासांत ज्याची हातगाडी जळते तो हातगाडीवाला तेथें नसतो. संचारबंदी लागली कीं जिच्या घरीं दुसऱ्या दिवशीं चूल पेटत नाहीं ती मोलकरीण तेथें नसते. कोठेंही चोरी झाली तरी ज्याच्या पालावर पहिली धाड पडते तो पारधी तर ठाण्याच्या आवारांत पाऊल टाकावयास भितो. म्हणजे मार खाणारे एक आणि शांततेचा विचार करणारे दुसरे, अशी ही वांटणी आहे. हिच्याविषयीं आज आम्हांस स्पष्ट लिहावयाचें आहे.

कोणी म्हणेल, "अहो, समित्या म्हणजे चहापाण्याचा खर्च. पोलीस तो पोलीस. त्यास सुधारणारा अजून जन्मास यावयाचा आहे." हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. साध्या माणसांच्या समित्यांनीं पोलिसांच्या कामाची तऱ्हा पालटते आणि एका शहराचें रक्त सांडावयाचें वांचतें, हें याच महाराष्ट्रांत घडलेलें आहे. आणि त्या समित्यांस कायद्याचा आधार नसला म्हणजे काय होतें, हेंही त्याच शहरानें पुढें भोगलें आहे. त्या शहराचें नांव भिवंडी.

भिवंडी हें मागांचें गांव. हातमाग मागें पडले, यंत्रमाग आले, आणि त्या मागांच्या खडखडाटाबरोबर उत्तरेकडील मुसलमान विणकर, तेलंगणांतील पद्मशाली, कोंकणी मुसलमान, आगरी, कुणबी असे नाना जातिधर्मांचे कष्टकरी एका चिंचोळ्या गांवांत दाटीनें राहूं लागले. मे १९७० मध्यें शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तेथें भयंकर दंगा झाला. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें दंगा करणाऱ्यांबरोबर पोलिसांच्या पक्षपातावरही कडक ताशेरे ओढले. तरीही मे १९८४ मध्यें पुन्हां दंगा पेटला, तो ठाणें व मुंबईपर्यंत पसरला, आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. जळाले ते कोणाचे माग? मेले ते कोणाचे मुलगे? सूत विकणारा शेठ मेला नाहीं. सूत विणणारा मेला. हिंदु असो कीं मुसलमान, मेला तो कारागीरच.

१९८८ सालीं सुरेश खोपडे हे भिवंडीस पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंग्यानंतर बंदोबस्त वाढवावा, चार जणांस तडीपार करावें, आणि बदलीची वाट पाहावी, ही चाकोरी त्यांनीं धरिली नाहीं. त्यांनीं गांवाचे मोहल्ले पाडून सत्तर मोहल्ला समित्या उभारिल्या. या समित्यांचें मर्म दोन गोष्टींत होतें. पहिली ही कीं, दोन्ही धर्मांचे लोक त्यांत शेजारीं बसविले, आणि ते सर्वच मोठे पुढारी नव्हते. गल्लींत राहणारीं, मागावर बसणारीं माणसें होतीं. दुसरी ही कीं, समितीचा भार वरिष्ठ साहेबावर न ठेवतां त्या भागांत हिंडणाऱ्या खालच्या दर्जाच्या पोलिसावर टाकिला. ज्या शिपायास पूर्वीं केवळ काठी उगारण्याची सवय, त्यास आतां गल्लीचीं गाऱ्हाणीं ऐकावीं लागूं लागलीं.

यांत एवढें काय मोठें, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर असें. दंगा हा आभाळांतून पडत नाहीं. आधीं नळावरचें भांडण, गटाराचा वाद, मुलीची छेड, भाड्याची तंटेबाजी. त्यांत एक जण हिंदु व दुसरा मुसलमान असला कीं भांडणास धर्माचें नांव मिळतें. मग एक अफवा निघते. अफवा खरी कीं खोटी हें विचारण्यास समोरच्या गल्लींत ओळखीचा माणूस नसला कीं ती खरी ठरते, आणि पोलिसासही कोणास विचारावें हें ठाऊक नसलें कीं तो दिसेल त्यास बडवितो. समितीमुळें ही सांखळी मधेंच तुटते. भांडण लहान असतांनाच बैठकींत येतें. अफवा उठली तर समोरच्या मोहल्ल्यांतील माणसास हांक मारून खरें खोटें करतां येतें. आणि शिपायाला नांवानिशीं माणसें ठाऊक असल्यामुळें गुन्हेगार कोण व निरपराधी कोण हें त्यास कळतें. यांत जादू कांहीं नाहीं; परिचय आहे, आणि नित्याची सवय आहे.

या सवयीची परीक्षा ६ डिसेंबर १९९२ नंतर झाली. अयोध्येंत मशीद पडली आणि मुंबई पेटली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईंत ९०० माणसें मृत्यु पावल्याची नोंद न्यायमूर्ति श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालांत आहे. मुंबईच्या दाराशीं असलेली, दोनदां जळून निघालेली भिवंडी मात्र शांत राहिली. जें शहर दंग्याचें कोठार म्हणून सरकार दरबारीं नोंदलेलें होतें, तेथें माग चालत राहिले. पुढें १९९४ सालीं मुंबईंतही त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व समाजसेविका सुशोभा बर्वे वगैरे मंडळींनीं मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू केली. विणकरांच्या गांवानें राजधानीस धडा दिला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कथा येथें संपती तर बरें होतें. परंतु ५ जुलै २००६ रोजीं त्याच भिवंडींत कबरस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणें बांधण्यावरून जमाव व पोलीस यांची गांठ पडली. पोलिसांच्या गोळीबारांत दोन नागरिक मेले, आणि त्याच रात्रीं जमावानें दोन पोलीस शिपायांस ठार मारिलें. चारही घरें गरिबांचीं. येथें पाहा, वाद हिंदु व मुसलमान यांजमधील नव्हता; लोक आणि पोलीस यांजमधील होता. ज्या गांवांत सत्तर समित्यांनीं लोक व पोलीस यांची सोयरीक जुळविली, तेथेंच चौदा वर्षांच्या आंत हा प्रकार व्हावा, याचें कारण काय?

आमच्या मतें कारण एकच. मोहल्ला समिति ही एका चांगल्या अधिकाऱ्याच्या इच्छेवर उभी होती. कायद्यावर उभी नव्हती. अधिकारी आला, समित्या आल्या. अधिकारी बदलून गेला कीं नव्या साहेबास वाटलें तर बैठक, नाहीं वाटलें तर नाहीं. ठाणें कोठें बांधावें हें ठरवितांना समितीस विचारलेंच पाहिजे, असें सांगणारें कायद्याचें एकही कलम नव्हतें. चांगल्या साहेबाचे उपकार आम्ही विसरत नाहीं. पण रयतेनें साहेबाच्या चांगुलपणावर जगावें हा जुना रोग आहे. पूर्वीं चांगला मामलेदार आला तर गांव सुखी, वाईट आला तर गांव दुःखी. जोतीराव फुल्यांनीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला तो याच रोगावर. साहेबाची मर्जी ही भिक्षा होय. कायद्याचें कलम हा हक्क होय. बहुजन समाजास भिक्षा नको, हक्क पाहिजे.

कायद्यानें अशी समिति करतां येते काय? येते. अमेरिकेंतील शिकागो शहराचें उदाहरण घ्या. त्या देशाशीं आमच्या चळवळीचें जुनें नातें आहे. जोतीरावांनीं १८७३ सालीं "गुलामगिरी" हें पुस्तक अर्पण केलें तें काळ्या लोकांस दास्यांतून सोडविण्यासाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस. दास्य कायद्यानें गेलें, पण दास्याची नजर गेली नाहीं, हें आम्हांसही अनुभवानें ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१४ मध्यें शिकागोच्या एका गोऱ्या पोलिसानें सतरा वर्षांच्या काळ्या मुलावर सोळा गोळ्या झाडल्या. त्या प्रसंगाचें चलच्चित्र शहराच्या सरकारानें वर्षाहून अधिक काळ दाबून ठेविलें. न्यायालयाच्या हुकुमानें तें नोव्हेंबर २०१५ मध्यें बाहेर आलें, आणि २०१८ सालीं तो पोलीस दोषी ठरला. तेथील लोकांनीं केवळ एका पोलिसाच्या शिक्षेवर समाधान मानिलें नाहीं. "आमच्या वस्तींत पोलिसांनीं कसें वागावें हें ठरविण्यांत आमचा हात पाहिजे" अशी त्यांची जुनी मागणी होती, ती त्यांनीं रेटली.

जुलै २०२१ मध्यें शिकागोच्या नगरसभेनें त्याचा कायदा केला. शहराचे बावीस पोलीस विभाग आहेत. प्रत्येक विभागांत तीन जणांचें मंडळ, आणि तें मतदानानें निवडलेलें. पहिली निवडणूक २८ फेब्रुवारी २०२३ रोजीं झाली. हीं मंडळें सर्वांदेखत, उघड्या दारानें बैठका घेतात. त्यांच्यावर सात जणांचा शहराचा आयोग. पोलीस प्रमुखाची जागा रिकामी झाली कीं हा आयोग तीन नांवें नगराध्यक्षांपुढें ठेवितो. पोलिसांच्या वागणुकीचे नियम ठरविण्यांत त्याचें मत लागतें. कारभार बिघडला तर तो पोलीस प्रमुखावर अविश्वास दाखवूं शकतो. आणि आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी अशी गोष्ट ही कीं, विभागाच्या मंडळांतील सभासदांस दरमहा ५०० डॉलर मानधन मिळतें. कां? कारण मोलमजुरी करणाऱ्यानें बैठकीस यावयाचें तर त्याचा रोज बुडतो. ज्या समितींत मानधन नाहीं तींत रिकामटेकडे व पैसेवाले यांचेंच राज्य होतें. आमच्याकडे शांतता कमिटीची बैठक दुपारीं बारा वाजतां ठेवितात. त्या वेळीं कोणता शेतकरी आणि कोणता सुतार मोकळा असतो, हें साहेबांनीं आम्हांस सांगावें.

शिकागोंत सर्व रामराज्य आलें असें आम्ही म्हणत नाहीं. पहिल्या निवडणुकींत कांहीं विभागांत जागा तितकेच उमेदवार निघाले. पोलिसांची मर्जी राखणारे व पोलिसांवर सदा रागावलेले यांची ओढाताण मंडळांतही चालते. परंतु ओढाताण उघड्या सभेंत होणें आणि सगळेंच काम साहेबाच्या खोलींत होणें, यांत जमीन अस्मानाचें अंतर आहे.

आतां आपल्या कायद्याकडे वळूं. २२ सप्टेंबर २००६ रोजीं प्रकाश सिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पोलीस सुधारणेचे हुकूम दिले. त्यांत एक हुकूम असा कीं, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यास राज्यास एक व प्रत्येक जिल्ह्यास एक प्राधिकरण असावें. महाराष्ट्र सरकारानें २०१४ सालीं पोलीस अधिनियमांत दुरुस्ती केली, पण जिल्ह्याच्या जागीं महसुली विभाग घातला. म्हणजे भामरागडच्या माडिया शेतकऱ्यास शिपायानें मारिलें, तर त्यानें तीनशें किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून नागपूर गांठावें! भाड्यास पैसे कोठून आणावे, आणि परतेपर्यंत शेताची राखण कोणी करावी, हें कायदा करणाऱ्यांनीं लिहिलें नाहीं. न्याय दूर ठेवणें ही न्याय नाकारण्याची सभ्य रीत आहे.

शिवाय तक्रारीचें प्राधिकरण ही दंडा पडल्यावरची सोय आहे. दंडा पडूं नये म्हणून आधींच गल्लींत, गांवांत लोक व पोलीस यांस एकत्र बसविण्याचें जें काम भिवंडीनें केलें, त्यास आजही पक्की कायदेशीर चौकट नाहीं. खेड्यांत १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गांव मोहीम निघाली. तिनें कित्येक बांधाचे व भाऊबंदकीचे वाद मिटले, हें आम्ही कबूल करतों. पण बक्षिसाच्या लोभानें गांवचे गुन्हे दडपण्याचा आणि दुबळ्यास "मिटवून घे बाबा" म्हणून गप्प बसविण्याचा मोह तींत होता, हेंही लपवून चालणार नाहीं. बांधाच्या तंट्यांत तडजोड हें शहाणपण आहे. दलिताच्या अंगावर हात टाकल्याच्या गुन्ह्यांत, स्त्रीवरील अत्याचारांत तडजोड हा दुसरा अत्याचार आहे. समितीनें न्यायाधीश होऊं नये, आणि जातपंचायत तर मुळींच होऊं नये. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्रास करावा लागला, तो पंचांच्या अशाच मस्तीमुळें.

येथें पोलिसांची बाजूही सांगितली पाहिजे. ठाण्यांतला शिपाई परका नव्हे. तो आमच्याच शेतकऱ्याचा, धनगराचा, महाराचा, न्हाव्याचा मुलगा आहे. पहांटे गांवाच्या रस्त्यावर भरतीसाठीं धांवणारीं पोरें आपण रोज पाहतों. कोणाचा बाप जमीन गहाण टाकून त्यास तालुक्यास शिकावयास ठेवितो. तोच पोरगा अंगावर खाकी चढली कीं आपल्याच चुलत्यास "काय रे म्हाताऱ्या" म्हणतो, तें कशानें? त्यास तसें शिकविलें जातें म्हणून. बारा-बारा, चौदा-चौदा तास उभा राहून, सणावारीं घरचें तोंड न पाहतां, वरच्या साहेबाची शिवी खाऊन तो खालच्यावर तीच शिवी फेंकतो. उतरंडीचा हा जातिभेदच आहे. फक्त येथें जाति पट्ट्यांवर मोजतात. भिवंडीच्या समित्यांत शिपायास जबाबदारी मिळाली, त्याचा शब्द गल्लींत मानला जाऊं लागला, तेव्हां त्यास काठीची गरज कमी पडली. म्हणून आम्ही म्हणतों, लोकांची समिति ही शिपायाची वैरीण नव्हे. त्याची सुटका तिच्यांतच आहे.

आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप, "अडाणी लोकांस पोलिसांच्या कामांतलें काय कळतें?" हाच प्रश्न पूर्वीं शिक्षणाविषयीं विचारला, मताधिकाराविषयीं विचारला, मुलकी नोकऱ्यांविषयीं विचारला. मार खाणाऱ्यास मार कळतो. त्यास पदवी लागत नाहीं. दुसरा आक्षेप, "समितींत गुंड शिरतील." शिरतील, जर नेमणूक साहेबाच्या व आमदाराच्या चिठ्ठीनें झाली तर. वस्तीनें उघड्या सभेंत निवडलें, आणि दोन वर्षांनीं माणसें बदललीं, तर गुंडास मुळें धरतां येणार नाहींत. येथें एक सावधगिरी मात्र पाहिजे. "ज्यावर गुन्हा नोंदलेला असेल तो अपात्र" असा नियम करूं नये. कारण मग पारधी, रामोशी, वडार यांची अर्धी वस्ती बाहेर राहील. ज्या जमातींस १८७१ च्या कायद्यानें जन्मतः गुन्हेगार ठरविलें आणि १९५२ सालीं त्या शिक्क्यांतून मोकळें केलें, त्यांच्या नांवावर आजही संशयानें गुन्हे चढतात. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालींच करवीर राज्यांतून हजेरीची पद्धति उठविली. त्यांस जें दिसलें तें शंभर वर्षांनंतरच्या ठाण्यांस दिसूं नये काय? न्यायालयांत दोष शाबीत झालेला माणूस दूर ठेवा. केवळ संशयित नव्हे.

स्त्रियांविषयीं दोन शब्द. १९७२ सालीं त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज पोलीस ठाण्यांतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आरोपी पोलिसांस सोडून दिलें. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हां कोठें १९८३ सालीं कायदा पालटला. ज्या ठाण्याच्या पायरीची स्त्रियांस भीति वाटते, त्या ठाण्याच्या समितींत एखादी पुढाऱ्याची पत्नी फोटोपुरती बसवून भागणार नाहीं. निम्म्या जागा कष्टकरी स्त्रियांच्या पाहिजेत.

तेव्हां सरकाराजवळ आमचें मागणें येणेंप्रमाणें आहे:

१. शहरांत प्रत्येक पोलीस चौकीस व तालुक्यांत प्रत्येक ठाण्यास नागरिकांची समिति कायद्यानें असावी. ती साहेबाच्या मर्जीवर नसावी.

२. सभासद वस्तीच्या व ग्रामसभेच्या उघड्या बैठकींत निवडावे. निम्म्या जागा स्त्रियांस, आणि दलित, भटके विमुक्त, मुसलमान, कारागीर व शेतमजूर यांस त्यांच्या वस्तीच्या मानानें जागा असाव्या.

३. बैठक दरमहा, संध्याकाळीं, सर्वांदेखत व्हावी. सभासदास बुडालेला रोज मिळावा. आणि मागील बैठकींतील गाऱ्हाण्यांचें काय झालें तें ठाणेदारानें पुढच्या बैठकींत वाचून दाखवावें.

४. समितीस तपासांत ढवळाढवळ करण्याचा अथवा गुन्हा मिटविण्याचा अधिकार नसावा. परंतु ठाण्याची वागणूक, गस्त, मिरवणुकीचे मार्ग, चौकीची जागा यांविषयीं तिचें मत घेतल्यावांचून निर्णय होऊं नये.

५. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचें प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयानें सांगितल्याप्रमाणें जिल्ह्यास एक असावें.

६. शिपायाच्या कामाचे तास ठरावे, आणि बीटाचा शिपाई समितीचा सभासद असावा. त्याची बदली वारंवार करूं नये.

हीं मागणीं सरकार दरबारीं जातील तेव्हां जातील. तोंवर वाचकांनीं स्वतः काय करावें? आमच्या अनुभवांतील एक गोष्ट सांगतों. आमच्या शाळेंतील एका मुलाच्या बापाची विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीस गेली. तो ठाण्यांत गेला तर "अर्ज लिहून आणा" म्हणून त्यास परत धाडिलें. तो आम्हांकडे आला. अर्ज आम्हीं लिहून दिला. तो अर्ज घेऊन तो दिवसभर बाकावर बसला, संध्याकाळीं अर्जावर शिक्का मिळाला, आणि तो समाधानानें घरीं आला. आम्हांसही वाटलें, काम झालें. महिन्यानें कळलें कीं गुन्हा नोंदलाच नव्हता. अर्ज फायलींत पडून होता. चूक ठाण्याची खरीच. पण थोडी आमचीही. मास्तर म्हणवून घेणाऱ्यास अर्ज आणि खबर यांतील भेद ठाऊक असावयास पाहिजे होता.

म्हणून सांगतों. १ जुलै २०२४ पासून जो नवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा कायदा चालूं आहे, त्याच्या कलम १७३ प्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी सांगितली तरी अधिकाऱ्यानें ती लिहून घेतली पाहिजे, वाचून दाखविली पाहिजे, आणि तिची प्रत तेथल्या तेथें फुकट दिली पाहिजे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दींतला आहे, ही सबब चालत नाहीं. खबर घेण्याचें नाकारिलें तर तीच हकीकत टपालानें जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडे पाठवितां येते. शिक्का मारलेला अर्ज हातीं आला म्हणजे काम झालें असें समजूं नका. गुन्ह्याचा क्रमांक असलेली प्रत मागा. हें वाक्य घरांतील शिकत्या मुलीकडून भिंतीवर लिहून घ्या.

दुसरें असें कीं, येत्या सणाच्या आधीं शांतता कमिटीची बैठक भरेल तेव्हां बोलावण्याची वाट पाहूं नका. प्रत्येक आळींतून एक पुरुष, एक स्त्री ठरवा. कुंभारवाडा, विणकरवाडी, मोहल्ला, बौद्धवाडा, पारध्यांची पालें, कोणी राहूं नये. साहेबांस आधीं पत्र द्या कीं बैठक संध्याकाळीं ठेवा, आम्हांसही यावयाचें आहे. बहुतेक साहेब नाहीं म्हणणार नाहींत. कित्येकांस तर पुढाऱ्यांच्या त्याच त्याच भाषणांचा कंटाळाच आलेला असतो. तेथें गेल्यावर मागच्या भिंतीस टेकून उभे राहूं नका. रिकामी खुर्ची असेल तीवर बसा. आपल्या गल्लींतला दिवा कधीपासून बंद आहे, कोणत्या चौकांत मुलींस त्रास होतो, मिरवणूक कोठें अडते, हें सांगा; तुमच्याइतकें हें दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं.

भिवंडीच्या विणकरांनीं कोणतीही परीक्षा दिलेली नव्हती. त्यांनीं समोरच्या गल्लींतल्या माणसाचें नांव माहीत करून घेतलें, आणि चौकीच्या शिपायास आपलें नांव सांगितलें. एवढ्यानें एक शहर जळावयाचें राहिलें. जें त्यांनीं साहेबाच्या मदतीनें केलें, तें आपण कायद्याच्या बळावर करूं या. तो कायदा होईपर्यंत खुर्ची मात्र रिकामी ठेवूं नका. रयतेनें सोडलेल्या खुर्चीवर आजवर कोण बसत आलें, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको.